जोडगोळी

परवा टोरांटोहून पुतणीचा फोन आला. दिवाळीला येते आहे. नेहमीप्रमाणे "काकू, काय आणू?" आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "गोळ्या सोडून काहीही आण." पलीकडे एकदम शांतता. मग दोघींनी हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. तेव्हापासून मनाला लागून राहिलं आहे. पोरीचा दोष नाही हे मला सांगायचं होतं. पण दोष कुणाचाच नाही असंही म्हणवत नाही, म्हणून हे लिहायला बसले. नातेवाईक मंडळी इथे येऊन वाचतात, त्यांतल्या काहींना झोंबेल. झोंबू दे.

गोष्ट २०२४ च्या डिसेंबरातली. पुतणी महिनाभर आली होती. आमच्या ह्यांचे गुडघे थंडीत फार दुखतात. (वय तेव्हा एकोणऐंशी. चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला.) तिने जाताना एक बाटली टेबलावर ठेवली. दोनशे गोळ्या! "काका, माझं डोकं उठतं तेव्हा मी ह्याच घेते. दोन घेतल्या की एकदम बरं वाटतं. तिकडे साध्या दुकानात मिळतात." ह्यांनी दोन घेतल्या. खरंच बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन. आठवडाभरात सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी दोन, आणि झोप छान लागते म्हणून रात्री आणखी दोन. "कॅनडाची गोळी म्हणजे गोळी!" असं शेजाऱ्यांना सांगून झालं, शेजारच्या वहिनींना पाठीसाठी चार देऊनही झाल्या. मी चहाबरोबर बिस्किटं ठेवावीत तशा बशीत काढून देत होते. हे कबूल करायला हवं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. दुपारचे डुलक्या घेऊ लागले, म्हटलं वय झालं. पोट साफ होईना, म्हटलं थंडीत पाणी कमी पितात, इसबगोल सुरू केलं. मग शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. म्हटलं लोहाची गोळी चालू आहे, त्याने होतं. प्रत्येक गोष्टीला घरात एक कारण तयार होतं आणि प्रत्येक कारण चुकीचं होतं. बाराव्या दिवशी पहाटे न्हाणीघरात धप्पकन आवाज आला. हिमोग्लोबिन ६.४. जठरात जखम, तिच्यातून रोज थोडं थोडं रक्त जात होतं. तीन पिशव्या रक्त द्यावं लागलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा कुठल्या गोळ्या घेतात?" मी पिशवीच आणली होती, ओतून दाखवली. बीपीची, हृदयाची, लोहाची. "आणखी काही? दुखण्याची वगैरे?" मी म्हटलं, "नाही." खोटं बोलायचं मनात नव्हतं हो. ती बाटली माझ्या हिशेबात औषध नव्हतीच! ती भेट होती, चॉकलेटांबरोबर आलेली. संध्याकाळी शेजारच्या वहिनी भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "त्या कॅनडाच्या गोळ्या चालू आहेत ना अजून?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

घरी येऊन चष्मा लावून बाटली वाचली. बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. भेळेच्या कागदावरचाही मजकूर वाचल्याशिवाय तो न टाकणारी मी, आणि हे वाचलं नव्हतं. एका गोळीत ३७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, ८ मिलिग्रॅम कोडीन आणि थोडं कॅफिन. आठ गोळ्या म्हणजे दिवसाला ३००० मिलिग्रॅम ॲस्पिरिन. ह्यांची हृदयाची गोळीही ॲस्पिरिनचीच, ७५ मिलिग्रॅमची. म्हणजे हृदयवाल्या डॉक्टरांनी विचार करून रोज एक दिली होती आणि आम्ही चहाच्या बशीतून त्याच्या चाळीसपट वर चढवत होतो.

आता मुद्दा. मराठीत 'जोडगोळी' हा किती लाडका शब्द आहे! संगीतकारांची जोडगोळी, सलामीच्या फलंदाजांची जोडगोळी. पण ही खरीखुरी जोडगोळी, एका गोळीत दोन औषधं, हिच्याबद्दल माझी तक्रार अशी आहे की तिच्यातल्या दोघांचे स्वभाव जुळत नाहीत, आणि एकाला बोलावलं की दुसरा आल्याशिवाय राहत नाही.

कोडीन हे अफूच्या घराण्यातलं. अफूतच सापडतं. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत, ते अशाच औषधांसाठी. कोडीन पोटात गेलं की यकृतात त्याच्या काही भागाचं मॉर्फिन होतं, आणि दुखणं कमी होतं ते त्या मॉर्फिनने. सगळ्यांच्या यकृतात हे सारखं होत नाही. काहींच्यात जवळजवळ होतच नाही, त्यांना गोळीचा उपयोग नाही. काहींच्यात फार भराभर होतं, त्यांना नेहमीची मात्राही जास्त होते. हे जन्मजात असतं, चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. (म्हणूनच बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊ नये असं आता सांगतात. आणि आपल्याकडे मुंबईच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया एके काळी तान्ह्या पोरांना 'बाळागोळी' देऊन निजवत, तीही अफूचीच होती. असो.) तेव्हा "मला चालते, तुम्हालाही चालेल" हे वाक्य कोडीनच्या बाबतीत मुळातच खोटं आहे.

अफूच्या सगळ्या औषधांची एक खोड अशी की शरीराला त्यांची सवय होते. काल दोनात भागलं, उद्या तीन लागतात. ॲस्पिरिनची पोटाला अशी सवय होत नाही. पोट पहिल्या दिवशी जेवढं हळवं, तेवढंच विसाव्या दिवशी. आणि जोडगोळीत कोडीन थोडं वाढवायचं म्हटलं की ॲस्पिरिनही तेवढ्याच पटीने वाढतं, वेगळं करता येत नाही. आमच्या घरात दोनाच्या आठ झाल्या त्या रात्रीच्या छान झोपेसाठी, आणि भोक पडलं जठराला. त्यात कोडीनने मलावरोध होतो आणि गुंगी येते, तेव्हा त्रास होतोय हे माणसाला धड कळत नाही आणि घरच्यांना ते म्हातारपण वाटतं.

"पण खाल्ल्यावर घेतली की काही होत नाही." हे मला निदान वीस जणांनी ऐकवलं आहे, त्यात दोन पदवीधर इंजिनिअर. उपाशीपोटी घेण्यापेक्षा जळजळ कमी होते हे खरं. पण ॲस्पिरिन जठराला नुसतं वरून चिकटून त्रास देत नाही. १९७१ साली जॉन व्हेन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होतात, ते ॲस्पिरिन होऊ देत नाही. त्यानेच दुखणं आणि ताप कमी होतो. (१९८२ चं नोबेल त्यांना ह्याच विषयातल्या कामासाठी वाटून मिळालं.) पण जठराच्या अस्तराची राखण करणारेही तेच पदार्थ! ॲस्पिरिन रक्तातून सगळीकडे जातं, मग ते भातावर घेतलं काय, दुधाबरोबर घेतलं काय, आणि आतड्यात विरघळणाऱ्या कवचाची गोळी घेतली काय. शिवाय रक्त गोठवणाऱ्या ज्या बारीक पेशी असतात त्यांना ॲस्पिरिन एकदा लागलं की त्या जन्मभरासाठी निकामी होतात. त्यांचा जन्म आठ-दहा दिवसांचाच, पण तेवढे दिवस जखम सहज बंद होत नाही. हृदयाला ह्याच गुणाचा उपयोग, पोटाला ह्याच गुणाचा धोका.

इथे एक गोष्ट ठळक सांगते, नाहीतर माझंच लिहिणं कुणाच्या तरी जिवावर उठेल. हे वाचून हृदयाची ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका. स्टेंट असलेल्याने ती एकाएकी सोडली तर तिथे गुठळी होऊ शकते. ह्यांची गोळीसुद्धा हृदयवाल्या आणि पोटवाल्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून काही दिवस थांबवली आणि मग आम्लाच्या गोळीच्या जोडीने पुन्हा सुरू केली. जे करायचं ते त्यांना विचारून.

माझे एक मावसदीर म्हणाले, "वहिनी, मग अमेरिकेतले डॉक्टर मूर्ख आहेत का? तिकडे ऑक्सिकोडोन आणि ॲस्पिरिन एकत्र देतात." देतात, पर्कोडान नावाने ती गोळी तिकडे प्रसिद्धच होती. आणि दोन औषधं एकत्र देण्याला अर्थ आहे हे मीही मान्य करते. दोघं दुखण्यावर दोन वेगळ्या वाटांनी जातात, म्हणून प्रत्येकाची मात्रा कमी पुरते. दाढ काढली, हाड मोडलं, तर चार दिवस डॉक्टरने मोजून दिलेल्या गोळ्या घ्याव्यात. पण त्या चिठ्ठीवर, माणूस बघून, अल्सर आहे का, दमा आहे का, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का, झोपेची गोळी घेता का, दारू घेता का, हे विचारून दिलेल्या असतात. आमच्या टेबलावरच्या बाटलीला हे प्रश्न कुणी विचारले? दारूचा विषय निघालाच आहे तर, संध्याकाळी 'थोडीशी' घेणारे आमच्या नात्यात कमी नाहीत. अफूच्या घराण्यातली गोळी, वर झोपेची गोळी आणि वर दारू, ह्या तिघांनी मिळून झोपेत श्वास मंद होत होत थांबू शकतो. ॲस्पिरिन आणि दारू मिळून पोटातून रक्त जातं ते वेगळंच. दीर ह्यावर काही बोलले नाहीत.

कॅनडात अशा कमी कोडीनच्या गोळ्या बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत आल्या आहेत. पण ऑस्ट्रेलियाने १ फेब्रुवारी २०१८ पासून कोडीनची कुठलीही गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असं ठरवलं. म्हणजे "फॉरेनला साध्या दुकानात मिळते" ह्याचा अर्थ "निर्धोक आहे" असा होत नाही. कुठल्या फॉरेनला, तेही विचारावं लागतं.

परदेशी बाटलीलाच झोडपते आहे असं वाटायला नको. आपल्याकडची जोडगोळी म्हणजे ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉल. ट्रामाडोल माणसाने प्रयोगशाळेत केलेलं, पण काम अफूच्या औषधांसारखंच. इथे ॲस्पिरिनच्या जागी पॅरासिटामॉल आहे, तेव्हा गोळ्या वाढल्या की भुर्दंड पोटाऐवजी यकृताला. त्यात सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल. तिन्हींची नावं वेगळी, म्हणून माणूस तिन्ही घेतो. ॲस्पिरिनचं तेच. डोकं दुखलं की पाण्यात फसफसणारी डिस्प्रिन घेणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की तीही ॲस्पिरिनच, आणि एका गोळीत तीनशेहून जास्त मिलिग्रॅम? डेंग्यूची साथ असताना तापाला कुणी ती घेतली तर काय होईल? तापातल्या लहान मुलांना तर ॲस्पिरिन देऊच नये, यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

कायदा नाही असं नाही. १ मार्च २०१४ पासून ट्रामाडोल आणि कोडीन 'एच-वन' यादीत आहेत. दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि ते किती दिलं हे लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. २०१८ साली ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आणलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात पॅरासिटामॉल, ट्रामाडोल, टॉरिन आणि कॅफिन अशी चार जणांची खिचडी होती. ती कुणाच्या डोक्यातून निघाली असेल देव जाणे! आमच्या लहानपणी सरकारी दवाखान्यात ए. पी. सी. म्हणून गोळी मिळायची, ॲस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफिन. कुणालाही, कशालाही. पुढे फेनासेटिनने मूत्रपिंडं खराब होतात असं लक्षात आलं आणि १९८३ साली आपल्याकडे ते बंद झालं. तोवर किती जणांनी खाल्लं ह्याचा हिशेब कोण देणार?

तर हा कायदा बघायला मी मुद्दाम एका दुकानात गेले. नाव लिहीत नाही, सगळीकडे हेच आहे. ट्रामाडोलवाली गोळी मागितली. पोराने पट्टी काढून कात्रीने चार गोळ्या कापून दिल्या. लाल चौकट असलेला मजकूर नेमका कापलेल्या बाजूला गेला. मी म्हटलं, "चिठ्ठी नाही माझ्याकडे." "चालतंय आजी." "वहीत नाव लिहायचं असतं ना?" तो हसला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही शाळेत होता काय?" म्हटलं, होते, आता मालकांना बोलाव. मालक आले, ओशाळले, गोळ्या परत घेतल्या. माझ्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी त्याच मागितल्या. त्यांना मिळाल्या. मी पायरी उतरेपर्यंत.

आणि अक्षरं! मराठी शिकवणारीला हा राग आला नाही तर कुणाला येणार? पट्टीवर ब्रँडचं नाव भलंमोठं, आणि आत काय आहे ते मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत. दोन गोळ्या कापल्या की तेही अर्धं. साबणाच्या जाहिराती मराठीत येतात, मग "यात ॲस्पिरिन आहे" एवढी तीन शब्दांची ओळ देवनागरीत छापायला कंपन्यांचं काय जातं? आम्ही पोरांना जोडाक्षर फोडून दाखवायचो, क ला ष जोडला की क्ष. ज्याला फोड कळते त्याला शब्द वाचता येतो. इथे फोड लपवून ठेवायची आणि वर म्हणायचं लोक अडाणी आहेत.

ह्याच अफूची दुसरीही बाजू आहे, तीही सांगते, कारण त्यात मी स्वतः गुन्हेगार आहे. माझा धाकटा भाऊ २०११ साली तोंडाच्या कॅन्सरने गेला. शेवटचे दोन महिने रात्र-रात्र कण्हत असे. एका तरुण डॉक्टरने मॉर्फिनच्या गोळ्या सुचवल्या. घरात बैठक बसली. "नको, व्यसन लागेल." पंधरा दिवसांच्या सोबत्याला व्यसन लागेल! मीही मान डोलावली. मोठी बहीण होते, शिकलेली होते, माझा शब्द चालला असता. तेव्हा मॉर्फिन मिळणंही अवघडच होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा दवाखान्यांची परवान्यांची कटकट कमी झाली. पण आमच्याकडे अडलं ते परवान्यापाशी नाही, आमच्या बैठकीत अडलं. आणि त्याच बैठकीतली माणसं गुडघ्यासाठी कोडीनच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या वाटून घेतात, कारण बाटलीवर 'अफू' असं लिहिलेलं नसतं. ज्याला खरी गरज होती त्याला दिली नाही, आणि ज्याला शेकाने भागलं असतं त्याला बशीतून दिली.

पुतणीशी काल मीच फोन करून बोलले. रडली थोडी. म्हणाली, "काकू, मला कुणी सांगितलं नाही गं तेव्हाच. बाबांनी नुसतं 'काका पडले' एवढंच सांगितलं." खरं आहे, तिला वाईट वाटेल म्हणून आम्ही सगळ्यांनी लपवलं. मग तिला विचारलं की ती स्वतः महिन्यात किती घेते. मोजून सांगितलं तिने, पंधरा-सोळा दिवस. मी गप्प झाले. दुखण्याच्या गोळ्या रोजच्यासारख्या घेत राहिलं की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, हे ह्यांच्या आजारपणात वाचता वाचता मला कळलं होतं, ते तिला सांगितलं. एकदम थांबवू नकोस, आधी डॉक्टरला दाखव, हेही सांगितलं. सोमवारची वेळ घेतली आहे म्हणाली.

बाटलीत एकशे आठ गोळ्या उरल्या होत्या. शेजारच्या वहिनींच्या चारांतल्या तीन परत आणल्या, त्यांनी एक घेतली होती. सगळ्या आमच्या डॉक्टरांच्या हवाली केल्या. स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला आहे, ह्यांच्या प्रत्येक गोळीत काय आहे ते मराठीत, मोठ्या अक्षरात. दवाखान्यात जाताना त्याचाच फोटो काढून नेते. हे म्हणतात, पुन्हा फळा लावलास का घरात. गुडघे अजून दुखतात. रात्री मिठाच्या पुरचुंडीने शेकते.